दुपारचा पहारा

"आधी आतला श्वास पुरा सोडा, बाबा. अजून. अजून सोडा."

"अजून कुठून आनू व? होता थो सोडला."

ओसरीवरच्या बाजेवर नत्थुजी मांडी घालून बसला होता आणि त्याची लेक पौर्णिमा समोर उकिडवी बसून त्याला पंप ओढायला शिकवत होती. आठ दिवस तिने बापाला अमरावतीला आपल्या घरी ठेवून घेतलं, छातीच्या डॉक्टरांना दाखवलं, आणि आज एसटीने धामणखेडला परत आणून सोडलं होतं. सोबत गोळ्यांची पिशवी आणि हे विटकरी रंगाचं, मुठीत मावेल एवढं नळकांडं.

"आता तोंडात धरा. ओठ मिटा. मी दाबलं का ओढा. अन् दहा मोजेलोक सोडू नका."

नत्थुजीने ओढलं. दहा मोजताना बोटं आपोआप गुडघ्यावर ताल धरू लागली, सातव्या टाळीवर श्वास सुटला, आणि खोकल्याची अशी उबळ उसळली की बाज करकरली. डोळ्यांतून पाणी आलं. खोकला ओसरल्यावर तो म्हणाला, "तुयाच्यापेक्षा मृदंगवाला बरा. थो समेवर तरी थांबू देते."

उंबऱ्यात उभी असलेली त्याची बायको रुख्मिणी तोंडाला पदर लावून हसली. हसू थांबल्यावर तिचा चेहरा पुन्हा होता तसा झाला. हा खोकला तिचा जुना ओळखीचा होता. अकोटच्या एका जिनिंगमध्ये नत्थुजीने तीस हंगाम काढले. रेच्याच्या तोंडात कापूस सारायचा, एका बाजूने सरकी पडते, दुसऱ्या बाजूने रुई उडते, आणि मधल्या हवेत पांढरी धूळ तरंगत राहते. हंगाम नेमका थंडीचा. दसऱ्याला सुरू झालेला रेचा होळीपर्यंत थांबत नसे. संध्याकाळी नवरा घरी यायचा तेव्हा भुवयाही पांढऱ्या असायच्या, आणि रुख्मिणी त्याचा सदरा मागच्या सांदवाडीत नेऊन काठीने झोडपायची. बाकीचे गडी नाकातोंडाला फडकं बांधत. नत्थुजी बांधत नसे. त्याला काम करताना अभंग म्हणायचा असायचा, आणि फडक्याआडून गाणं बाहेर येत नाही. तीस वर्षं तो देवाचं नाव बाहेर सोडत राहिला आणि धूळ आत घेत राहिला.

"आई, तू आयक, बाबा नाई आयकत," पौर्णिमा म्हणाली. "सकाळी दोन, संध्याकाळी दोन. घेतल्यावर गुळणी. ऊन पडल्याबिगर बाहेर नाई जायाचं. शेकोटी नाई, धूप नाई, पऱ्हाटीचा धूर नाई. बाहेर निघाले का नाकातोंडावर गमछा. थंडीचे तीन-चार महिने जपलं तं बाबा पुढं धकतात. आनखी एक पाह्य." तिने नळकांडं उलटं केलं. पाठीवर इवल्याशा खिडकीत आकडा दिसत होता. "एक खेप दाबलं का एक कमी होते. बाबा म्हनतीन घेतलं, घेतलं. तू आकडा पाहत जाय."

नत्थुजी उठला. नळकांडं कुठे ठेवावं म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि देवघराच्या फळीवर, समईच्या बाजूला, ते जपून ठेवलं. त्याच्या लेखी घरातली सगळ्यांत मोलाची जागा तीच.

"उचला ते अथून!" रुख्मिणी ओरडली. "तोंडातलं उष्टं नळकांडं देवापाशी ठेवता?"

"चुकलं, चुकलं," म्हणत नत्थुजीने जीभ चावली आणि ते उचलून कोनाड्यात ठेवलं. पौर्णिमा हसली, नत्थुजी हसला, रुख्मिणीही हसली. गोष्ट तिथेच संपली, असं तिला वाटलं.

*

दत्तजयंतीच्या सप्त्याची यादी घेऊन जानराव आला, तो आपल्या नेहमीच्या पद्धतीने फाटकातूनच बोंबलत आला.

"नत्थ्या! हायेस का गेलास बे?"

"तुया परवानगीबिगर कसा जाईन? ये, बस."

जानराव जिनिंगमधला त्याचा जोडीदार. एकाच रेच्यावर समोरासमोर उभे राहून दोघांनी जवानी घालवली. पुढे जानरावाने बापाची जमीन कसली, पोट सुटलं, आणि सप्त्याची सगळी जबाबदारी त्याच्या गळ्यात पडली. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

धामणखेडच्या सप्त्याचा जीव म्हणजे वीणा. सात दिवस, सात रात्री ती खाली टेकायची नाही आणि तिची तार मुकी होऊ द्यायची नाही. दोन-दोन तासांचा एकेक पहारा असतो. ज्याचा पहारा, त्याने आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून यायचं, आधीच्या वीणेकऱ्याच्या पाया पडायचं, आणि त्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घ्यायची. घेतानासुद्धा तार वाजती हवी. पुढचा माणूस येईपर्यंत आधीच्याने खाली बसायचं नाही, मग काही होवो. गावात बाया टाळ वाजवत, फुगड्या खेळत, पण वीणेला हात लावायची त्यांची रीत नव्हती. एकदा नवी नवरी असताना रुख्मिणीने सहज विचारलं होतं, "मी घेतली तं?" तेव्हा सासू इतकी हसली होती की ते हसू रुख्मिणीला अजून ऐकू येई.

नत्थुजीचा पहारा पहाटे चार ते सहाचा. काकड्याचा. सव्वीस वर्षं तोच. त्या वेळी सातपुड्यावरून असा गार वारा उतरतो की दात वाजतात, पण गाव झोपेतून उठत असतं आणि त्याच्या कानावर पहिला सूर नत्थुजीच्या वीणेचा पडतो. या माणसाला जन्मात कोणी हार घातला नाही की खुर्ची दिली नाही. पण त्या दोन तासांत तो गावाचा धनी होता.

जानरावाने कागद वाचला. "काकड्याले यंदा अश्विन देल्ला, माया पुतन्या. तुले दुपारी बारा ते दोन."

 नत्थुजी म्हणाला, "बारा ते दोनला कोन असते बे मंडपात? सारे पंगतीत असतात."

"देव असते ना."

"थोही पंगतीतच असते त्या टाइमाले."

"आता खोकून खोकून तार तोडशीन तं देव पहाटचा उठूनच जाईन," जानराव म्हणाला. तो हसला, पण रुख्मिणीकडे पाहायचं त्याने टाळलं. कारण आदल्या दिवशी तीच त्याच्या घरी गेली होती. हात जोडून म्हणाली होती, "भाऊजी, पहाटचा पहारा त्यायले देऊ नोका. डॉक्टरनं थंडी वर्ज्य सांगतली. पन बिलकूल नाई म्हनाल तं मानूस जगनार नाई. उनाचा टाइम द्या. अन् म्या सांगतलं हे सांगू नोका."

जानराव गेल्यावर नत्थुजी कितीतरी वेळ तुळशीपाशी बसून होता. रुख्मिणीने चहा नेऊन दिला. त्याने बशीत ओतला, फुंकर घातली. फुंकरही पुरी आली नाही, मधेच तुटली.

"बरं झालं," तो म्हणाला. "दुपारी तं दुपारी. काढला नाई ना यादीतून."

*

सप्ता उभा राहिला आणि गावाला जणू जाग आली. देवळासमोर मंडप पडला, पताका लागल्या, आळंदीकडे शिकून आलेले एक महाराज कीर्तनाला आले. साठीचे, सडपातळ, बोलायला गोड. जानरावाच्या घरी त्यांचा मुक्काम.

रुख्मिणीला कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. घरचं काम उरकून, अंगावर घोंगडी घेऊन ती संध्याकाळी पुढच्या रांगेत जाऊन बसायची. महाराज चरण उचलत, मागे टाळकऱ्यांची अर्धी कमान एका पायावर झुलत असे, मृदंगावर थाप पडली की छातीतलं सगळं साचलेलं हलत असे. पहिल्याच दिवशी महाराज श्वासावर बोलले. "दिवसभरात किती वेळा घेता? कोणी मोजलं? घेताना कधी मागितला? मागितल्याशिवाय जो देतो, त्याचं नाव घ्यायला तोच श्वास वापरायचा, आणखी काय करायचं आहे आपल्याला?" बायांनी डोळे पुसले. रुख्मिणीने मागे वळून पुरुषांच्या बाजूला पाहिलं. नत्थुजी मंडपाच्या खांबाला टेकून बसला होता. नाकातोंडावर गमछा होता, त्यामुळे तो हसत होता की धापा टाकत होता ते कळेना.

दुपारच्या पहाऱ्याचं एक मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. बारा ते दोन ही पंगतीची वेळ. मंडपाला लागूनच चुलखंडं खणली होती. त्यांवर वांग्याच्या भाजीचे गंज, वरणाचे गंज, आणि खाली पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या काटक्यांचा, जाळ. यंदा पऱ्हाट्या ओलसर होत्या. वारा फिरला की तो पांढरा कडू धूर सरळ मंडपात शिरायचा आणि वीणेकऱ्याभोवती घोटाळत राहायचा. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता रुख्मिणीने ते पाहिलं आणि तिच्या हातातलं लाटणं थांबलं. पहाटे निदान हवा तरी स्वच्छ असते. उन्हाचा म्हणून तिनेच मागून घेतलेला पहारा हा.

"अवो, धूर लागते का लय?" तिने रात्री जेवताना विचारलं.

"लागते थोडासाक."

"पंप घेता ना सकाळ-संध्याकाळ?"

"घेतो ना."

चौथ्या दिवशी सकाळी तो बाजेवर बसून होता आणि त्याच्या गळ्याखालचे दोन खळगे श्वासागणिक आत ओढले जात होते. एका श्वासात एकच शब्द निघत होता. रुख्मिणीने कोनाड्यात हात घातला. तिथे काडेपेटी होती, तेलाची बाटली होती, पंप नव्हता.

"कुठी ठेवला?"

"हाये... ना."

तो आंघोळीला गेला तेव्हा तिने घर धुंडाळलं. गोळ्यांची पिशवी, ट्रंक, उशीखाली. शेवटी ती सांदवाडीत गेली. जुन्या गोठ्याच्या भिंतीत एक खबदाड होतं. त्यात बिस्किटांचा गंजका डबा. डब्यात, धोतराच्या स्वच्छ धुतलेल्या तुकड्यात गुंडाळलेला, पंप. तिने तो उलटा केला. एकशेबारा. सप्त्याच्या आदल्या सांजेलाही एकशेबाराच होते.

नत्थुजी न्हाणीतून बाहेर आला. अंगावर धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का.

"हे गोठ्यात काहून?"

"सप्ता... होईवरी. राहू दे."

"चार दिवस घेतलं नाई तुमी? मले तं घेतो म्हनलं!"

"वीणा... गळ्यात घ्याची. उष्ट्या... तोंडानं?"

"गुळण्या करता ना मंग! आंग धुता!"

"दोन्ही... टाइम? ह्या थंडीत?" तो दम घ्यायला थांबला. "तूच तं... म्हनलं होतं. उष्टं हाये... म्हनून."

त्यात दोष देणं नव्हतं. आज भाजी कोणती, हे सांगावं तशा सुरात तो बोलला. 

"म्या हासत म्हनलं होतं वो!"

"पन खरंच... म्हनलं ना. काला झाला... का घेतो. तीनच दिवस... राह्यले."

तिने पंप पुढे केला. "आत्ता घ्या. माह्यासमोर."

त्याने हात पुढे केला नाही. आणि खरं सांगायचं तर तिचाही हात तिथेच अडला. सोवळ्यातला माणूस, वीणेकडे निघालेला. आयुष्यभर तिने उष्टं-खरकटं पाळलं होतं, देवाच्या तांब्याला वेगळं फडकं ठेवलं होतं. जबरदस्तीने तोंडाला लावावं तर देवाचा कोप, न लावावं तर नवऱ्याचा जीव जायचा. त्या घोटाळ्यात ती असतानाच नत्थुजी गमछा गुंडाळून, भिंतीला हात धरत, फाटकाबाहेर पडला.

*

ती पंप पदरात बांधून जानरावाच्या घरी पळाली. महाराज नुकते पानावर बसले होते. तिने उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. सांगताना धाप लागली तेव्हा तिला आपल्याच धापेची लाज वाटली.

महाराजांनी हातातला घास खाली ठेवला.

"माय, वीणा कशानं वाजते?"

"बोटानं."

"अन् बोट कशानं हालते? श्वासानंच ना? ज्यानं श्वास दिला त्याला श्वासाच्या औषधाचा विटाळ होईल का? तुळशीचं पान चावून आपण कीर्तनाला उभे राहतो, तेव्हा तोंड उष्टं होते का?" त्यांचा आवाज जड झाला. "हे मी पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. श्वासावर एवढा बोललो अन् हेच राहिलं. तू हो पुढं. हात धुतो, आलोच मी. मी स्वतः सांगतो त्याला."

मंडप बाराला असतो तसा रिकामा होता. पंगत पलीकडे बसलेली, वाढपी धावत होते. वीणेपाशी ऐंशी वर्षांचे एक टाळकरी बसल्या जागी पेंगत होते. आणि धुराच्या मधोमध नत्थुजी उभा होता. ओठ जांभळासारखे निळे. डोळे उघडे, पण कुठेच न पाहणारे. उजव्या हाताचं बोट मात्र तारेवर पडतच होतं.

"अवो, महाराज येऊन राह्यले. थे म्हनतात चालते. घ्या हे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचे गुडघे वाकले, पुन्हा सरळ झाले. मग त्याने वीणा गळ्यातून जराशी उचलली आणि तिच्या दिशेने धरली.

"घे," तो म्हणाला.

दोन हातांच्या अंतरावर ती उभी होती. दोन हातांवर. तिने आंघोळ केलेली होती. पण सासूचं ते हसू कुठूनसं कानात आलं, गावातल्या बायांची तोंडं दिसली, आणि तिचे हात पदरातून बाहेरच आले नाहीत. ती वळून ओरडली, "भाऊजी! जानरावभाऊजी!"

जानराव चुलखंडापासून धावत आला. हात कोपरापर्यंत बेसनात.

"थांब बे नत्थ्या, थांब! हात धुतो!"

कोणीतरी तांब्याने पाणी ओतलं. जानराव हात चोळत होता, बेसन चिकट, निघता निघेना. अर्धं मिनिट असेल. तेवढं अर्धं मिनिट नत्थुजी वीणा खाली येऊ न देता उभा राहिला. त्याच्या छातीचा आवाज तारेच्याही वर ऐकू येत होता. जानरावाने पायांना हात लावला, वीणा घेतली, तार वाजली. आणि मग नत्थुजी खाली बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

महाराज आले ते अनवाणी. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पंप स्वतःच्या हाताने त्याच्या ओठांत धरला. "ओढा, नत्थुजी. देवाची आज्ञा समजा. ओढा."

त्याने ओढायचा प्रयत्न केला. पण ओढायला आत जोर उरला नव्हता. औषधाचा पांढरा फवारा तसाच ओठांच्या कोपऱ्यांतून बाहेर आला आणि पऱ्हाटीच्या धुरात मिसळून गेला.

*

ॲम्ब्युलन्सने आधी अकोट, तिथून अकोला. मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात नत्थुजीला निजवता येईना, निजवलं की जीव घाबरा होई. म्हणून पाठीला उशा लावून बसवलेलं. तोंडावर मास्क, मास्कला नळी. डॉक्टर रश्मी म्हणून एक तरुण पोरगी होती. चष्मा, डोळ्यांखाली झोपेचे काळे डाग. तिने रुख्मिणीला बाहेरच्या बाकावर बसवून सगळं विचारलं.

"रोजचा पंप किती दिवस बंद होता, आजी?"

"चार. म्या उष्टा म्हनलं होतं."

"अन् धूर?"

"थो पहाराही म्याच मागून घेतला होता. थंडी लागू नये म्हनून."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबली. "तुम्ही मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. मग जमिनीकडे पाहत, "फुप्फुसं आधीच लय थकलेली होती. त्यात संसर्ग झाला. आम्ही करून राहिलो जे करता येते ते. पण घरच्यांना बोलावून घ्या."

पौर्णिमा अमरावतीहून आली. आली तशी आईच्या गळ्यात पडली नाही, आधी पंप मागून घेतला आणि आकडा पाहिला. आईकडे पाहिलं.  ती नजर रुख्मिणीने गुपचूप पदरात घेतली.

सातवा दिवस उजाडला. धामणखेडला आज काला. सकाळी महाराजांचं काल्याचं कीर्तन, दहीहंडी, मग सप्त्याची सांगता. वीणा संध्याकाळी उतरायची. दुपारी बाराला पौर्णिमाचा फोन वाजला. जानराव होता. पौर्णिमाने फोन बापाच्या कानाशी धरला. मागून टाळांचा आवाज येत होता.

"नत्थ्या, आयकून राह्यला ना बे? तुया पहारा कोनाले देल्ला नाई. यादीत तुयंच नाव हाये. मी फक्त उभा हावो तुया जागी. समजलं का सायच्या? लवकर ये."  फोन बंद झाला.

नत्थुजीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्याचा डावा हात हळूहळू वर आला आणि छातीवरून गेलेली ऑक्सिजनची नळी त्याने, वीणेची दांडी धरावी तशी, धरली. उजव्या हाताचं पहिलं बोट नळीवर पडलं. उठलं. पुन्हा पडलं.

"बाबा, नळी सोडा," पौर्णिमा म्हणाली.

"राहू दे," रुख्मिणी म्हणाली. "त्यायचा पहारा हाये."

पौर्णिमाने तिच्याकडे पाहिलं, आणि अमरावतीहून आल्यापासून पहिल्यांदा रडली. थोड्या वेळाने डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून ती औषध आणायला बाहेर, शहरातल्या दुकानांत गेली.

एक वाजला. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक जेवून आले. दीड वाजला. बोटाचा वेग कमी झाला, पण थांबलं नाही. मास्कवर वाफ धरायची, विरायची. खिडकीतून पौषाकडे झुकलेलं फिकट ऊन त्याच्या पायांवर पडलं होतं.

दोन वाजले. नत्थुजीचे डोळे दाराकडे लागले. तिकडून कोणीतरी यायला हवं होतं, आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. सव्वादोन झाले. हात थरथरू लागला, तरी खाली येईना. पुढचा येईपर्यंत बसायचं नाही.

रुख्मिणी उठली. कोपऱ्यातल्या नळावर तिने हात धुतले, पाय धुतले, चूळ भरली. पदर डोक्यावरून नीट घेतला. खाटेपाशी येऊन तिने त्याच्या पायांवर डोकं टेकवलं. मग दोन्ही हात पुढे केले.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मान जराशी वाकवली, वीणेची दोरी डोक्यावरून काढायला वाकवतात तशी. तिने ती न दिसणारी दोरी काढली, आपल्या गळ्यात घातली, डावा हात छातीपासून वर नेऊन मूठ वळली आणि उजव्या हाताचं बोट हलवलं. नत्थुजीच्या हातांनी नळी सोडली. ते मांडीवर उतरले आणि तिथे उताणे पडून राहिले.

"आजी, काहून उभ्या?" जाता जाता सिस्टरने विचारलं. "बसा ना स्टुलावर."

"पहारा हाये," रुख्मिणी म्हणाली.

मध्ये कधीतरी यंत्राचा आवाज बदलला. डॉक्टर रश्मी धावत आली, मागोमाग दोघेजण आले, हिरवा पडदा ओढला गेला. औषधाची पिशवी घेऊन पौर्णिमा दारात आली आणि तिथेच बसली. रुख्मिणी पडद्याबाहेर, भिंतीला न टेकता उभी होती. तिने बोट थांबू दिलं नाही.

चार वाजता तिने दाराकडे पाहिलं. यादीत पुढे कोणाचं नाव होतं, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.